मार्टाबाईंची फुकट शाळा

फुकट म्हटलं की आमच्या आयच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कुणी प्रसादाचा पेढा दिला तरी विचारायची, "कशापायी?" तिचंही खरंच होतं म्हणा. मोरा बंदराच्या बाजूला आमचं भाताचं खाचर होतं. एक साहेब गोड बोलत आला, ओटीवर बसून चहा प्यायला, बाचा अंगठा घेऊन गेला. नवं शहर होणार म्हणे. खाचर गेलं आणि त्या धसक्याने बासुद्धा गेला. तेव्हापासून आय, म्हणजे चांगुणाबाई, मिठागरात राबायची आणि गोड बोलणाऱ्याला ओटीवर चढू द्यायची नाही.

अशात, सत्त्याहत्तरच्या सुमारास, गावात शाळा निघाली. मार्टाबाई म्हणून एक म्हातारी ख्रिस्ती बाई होती, मागे ना नवरा ना पोर. मरताना तिने आपलं कौलारू घर सिस्टर लोकांना देऊन टाकलं. अट एकच, गावच्या पोरींकडून दमडी घ्यायची नाही. पाटी-पुस्तकसुद्धा फुकट.

"मेलेल्या बाईला आमच्या पोरींची काय पडलीय?" आय म्हणाली. "यात कायतरी हाय."

मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे तिने मला धाडलं. पण कशी? रोज पदरात मूठभर मीठ बांधून स्वतः यायची आणि आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर आग्नेसच्या टेबलावर ठेवायची. फुकट काही घेतलं नाही, म्हणजे उद्या कुणी हक्क सांगायला नको! सिस्टर मुकाट्याने ते बरणीत भरायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात शेजारच्या केशरबाईने आगीत तेल ओतलं. "डोक्यावर पानी घालतान, कायतरी पुटपुटतान, का पोर बाटली!" झालं! आय काम टाकून शाळेच्या कुंपणाशी उभी राहू लागली. आणि एका दुपारी तिने नेमकं पाहिलं. मी मान खाली घालून बसलेली, सिस्टर तांब्याने माझ्या डोक्यावर पाणी ओततेय, आणि तिचे ओठ हलताहेत.

मला तशीच निथळती, दंडाला धरून फरफटत घरी आणलं. शाळा बंद. मी जेवले नाही, बोलले नाही. आय ढिम्म हलली नाही. आता जन्मभर मिठाची पाटी डोक्यावर, एवढंच माझ्या मनात यायचं. असा राग आला होता तिचा!

काही दिवसांनी सिस्टर घरी आली. हातात बाटली. आयने तिला अंगणातच थांबवलं.

"चांगुणाबाई, मुलींच्या डोक्यात उवा झाल्यात. हे कडुलिंबाचं पाणी आहे, दुसरं काही नाही."

"मंग पुटपुटत काय व्हत्या?"

"डोळे मीट म्हणत होते. झोंबतं ना."

आयचा विश्वास बसला नाही. दाराआडून मला तिचा चेहरा दिसत होता. मग ती अंगणातच बसली आणि अंबाडा सोडला.

"आधी माझ्या डोक्यावर घाला. बाटायचंच असंल तर मी बाटतंय. पन माझ्या सखूला शिकवा."

सिस्टरचे डोळे भरून आले. तिने पाणी ओतलं, बोटांनी आयचे केस विंचरले, आणि एकदम म्हणाली, "अहो, उवा तर इथूनच येतायत!"

मी फसकन हसले. आय हसली नाही. ओल्या केसांनी उठली, सिस्टरला ओटीवर बसवलं, आत गेली. मूठभर मीठ आणलं. मीठ हातात दिलं की भांडण लागतं, म्हणून ते तिच्याशेजारी ठेवलं.

"हे उद्याचं," आय म्हणाली.