तिने मागितलेला बारदाना

देवी आपलं ऐकते तरी का, अशी शंका मला त्या दुपारी कुरखेड्याच्या जंगलात आली. मी वडशाच्या एका नाटक कंपनीचा ट्रक चालवतो. गाडी जुनी, थकलेली. मागच्या हिवाळ्यात ती रस्त्यात अडली, स्टेजचं सामान पोचलं नाही आणि एका गावचं नाटकच रद्द झालं. पुन्हा असं झालं तर स्टिअरिंगवर दुसरा माणूस बसेल, असं मालकांनी बजावलं. म्हणून मी चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोललो: यंदाचा सीझन अनवाणी गाडी चालवीन, पण गाडी अडू देऊ नकोस.

बोलायला काय जातं! इंजिनाच्या धगीने केबिनचा पत्रा असा तापतो की टाच टेकवत नाही. त्या दिवशी डबा खायला थांबलो तेव्हा मी हुशारी केली. तांदळाच्या रिकाम्या पोत्याची, बारदान्याची जाड घडी करून पायांखाली सारली. निघायला गेलो तर नवीनच तऱ्हा. इंजिन सुरू व्हायचं, पण गिअर टाकला की गचका देऊन बंद. डिझेलचा फिल्टर उघडला, पाइपातली हवा काढली, बॅटरीच्या वायरी आवळल्या. पुन्हा तेच. त्या रात्री जिथे नाटक होतं त्या गावाहून, ते ठेवणाऱ्या मंडळाच्या माणसाचे फोनवर फोन. "भाऊ, कुठी हायेस? पाव्हने येऊन राह्यले, स्टेज कवा बांधाचा?" निघालोच, असं मी खोटं सांगितलं आणि समोरच्या देवीच्या फोटोवर चक्क खेकसलो. आणखी काय पाहिजे तुला?

तेवढ्यात सरपणाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. मोळी गाडीला टेकवून तिने उघड्या दारातून आत पाहिलं.

"भाऊ, थो बारदाना दे ना. डोस्क्याले लाकडं रुतून राह्यले."

"नाई जमत बाई. माह्ये पाय भाजतेत."

"तुले बसाले गाडी हाये. माह्या डोस्क्याले का हाये?"

लाज वाटली म्हणा, चीड आली म्हणा, मी बारदाना ओढून तिला दिला. तिने त्याची चुंबळ केली, मी मोळी उचलून दिली, ती चालू लागली. मी पुन्हा चावी फिरवली, क्लच दाबला आणि पाय थेट पत्र्यापर्यंत गेला. त्या घडीमुळे क्लच पुरता दबतच नव्हता. इतकी वर्षं गाडी हाकून मला हे कळू नये! गिअर पडला, ट्रक हलला आणि मी रडलो.

पुढे तिला गाठून गाडीत बसायला सांगितलं. पायवाटेकडे वळत ती म्हणाली, "माहं घर इथीच हाये. तू जाय, लोकं वाट पाहून राह्यले."

ऊन उतरायच्या आत स्टेज उभा राहिला. ती देवी होती असं मी म्हणत नाही. सरपण नेणारी बाई होती. पण दुपारभर मी नुसता मागत होतो, आणि मला हवं होतं ते मिळायला माझ्याच हातून तो बारदाना सुटायला हवा होता. मी तर तिला नाही म्हणून मोकळा झालो होतो. त्या नाही म्हणण्यावर ती निघून गेली नाही, एवढ्यासाठी मी आजही हात जोडतो.