वॉल्टरचं मोजणं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि आता सांगतेय तेही मराठीत – म्हणजे ज्या माणसाला हे कळायला हवं, त्याला यातलं एक अक्षरही वाचता येणार नाही. ही पळवाट आहे, कळतं मला. तरीही.

आधी माझ्याबद्दल थोडं – की हेही उगाच लांबण लावणं? मी ऑर्केस्ट्राची कंडक्टर. बाराव्या वर्षी आईबाबांबरोबर नागपूरहून शिकागोला आले, शाळेत व्हायोलिन हातात पडलं, आणि पुढे ते वाजवण्यापेक्षा ऐंशी वाजवणाऱ्यांसमोर उभं राहण्याचंच वेड लागलं. दोन हजार एकपासून तीन वर्षं मी एका ऑर्केस्ट्रात सहायक कंडक्टर होते. सहायकाने शाळकरी मुलांचे कार्यक्रम करायचे, आणि मुख्य कंडक्टर आजारी पडलाच तर, म्हणून प्रत्येक मैफलीला काळे कपडे घालून आत बसून राहायचं. तो कधी आजारी पडला नाही. वर्तमानपत्रात माझ्याबद्दल छापून आलं, तर आधी माझी उंची यायची, मग आईबाबांचा देश, आणि संगीत शेवटच्या ओळीत. मला याचा राग होता, अजूनही आहे. पण पुढे मी जे केलं ते त्या रागापोटी नाही. तसं म्हणायचा मोह होतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

दोन हजार चारमध्ये इलिनॉयमधल्या एका मध्यम शहराच्या ऑर्केस्ट्राला नवा कंडक्टर हवा होता. चार उमेदवार, प्रत्येकाला एक आठवडा – चार तालमी आणि शनिवारची मैफल. बाकीचे तिघे पुरुष, तिघेही गोरे. मी ठरवलं, समोर स्वरलिपी ठेवायचीच नाही, सगळं पाठ करून जायचं. कोणी सांगितलं होतं का तसं? नाही. मला दाखवायचं होतं.

वॉल्टर तिथे झांजा वाजवायचा. बासष्ट वर्षांचा, किंचित पोक आलेला, कमी बोलणारा. झांजांचं काम लोकांना सोपं वाटतं – पाऊण तास बसून राहायचं आणि एकदा वाजवायचं. पण त्या पाऊण तासात एकेक आवर्तन मोजत राहावं लागतं, स्वयंपाकघरात दहा कामं करताकरता आई कुकरच्या शिट्ट्या मोजते तसं. वॉल्टर तीस वर्षं मोजत होता आणि एकदाही चुकला नव्हता, हे मला पहिल्याच तालमीत तिघांनी कौतुकाने सांगितलं. मात्र एक रीत असते. तुमचं मोजणं काही का सांगेना, कंडक्टरने हात दाखवला की वाजवायचं.

शनिवारच्या मैफलीत जी सिंफनी होती, तिच्या संथ भागात एक ओळ दोनदा येते. पहिल्यांदा अगदी कुजबुजत. दुसऱ्यांदा ती वाढत वाढत जाते आणि तिच्या शेवटी झांज – एकच. शनिवारी पहिल्याच ओळीच्या शेवटी माझा डावा हात उठला. का उठला? माझ्या डोक्यात तेव्हा दुसरी ओळ चालू होती, एवढंच सांगता येईल. वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर घुटमळला – आणि त्याने वाजवलं. हजारभर माणसं श्वास रोखून बसलेली, व्हायोलिनं जेमतेम ऐकू येतायत, आणि त्यात ती झांज. कोणीतरी हसलं. प्रेक्षकांना माझी पाठ दिसत होती, बाकीचे वाजवणारे आपापल्या कागदात होते. माझा हात पाहिला तो फक्त वॉल्टरने.

चूक झाली. कोणाचीही होते, आणि तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

मैफलीनंतर निवड समितीच्या अध्यक्षबाई माझ्या खोलीत आल्या. झांजेचं काय झालं, असं त्या विचारत होत्या तेवढ्यात वॉल्टर दारात आला. माफी मागायला. माफी – त्याने! मोजताना कुठेतरी चुकलो असेन, म्हणाला. तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ द्या, वॉल्टर. होतं कधीकधी."

किती छान वाटतं ना ऐकायला? अध्यक्षबाईंना तर गहिवरून आलं. पुढे निवडीचं पत्र आलं, त्यात माझ्या संगीताबरोबर माझ्या मनाच्या मोठेपणाचाही उल्लेख होता. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. तो उल्लेखसुद्धा वाचला.

आईने शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून पाच पाउंड पेढे आणले आणि निवडीनंतरच्या माझ्या पहिल्या तालमीला सगळ्यांना वाटले. ती डबा घेऊन मागच्या रांगेकडे वळली, तेव्हा मी म्हटलं, आई, पुरे आता, उशीर होतोय. "अगं, त्या मागच्या काकांचं राहिलंय ना," म्हणत ती गेलीच. वॉल्टरने पेढा घेतला आणि तुमच्या मुलीने मला सांभाळून घेतलं, असं तिला सांगितलं. हे आई आठवडाभर सगळ्या मावश्यांना फोनवर सांगत होती.

त्यानंतर मोजताना वॉल्टरचे ओठ हलायला लागले. मग कागदावर पेन्सिलीच्या रेघा आल्या. मग तो शेजारच्याला हळूच विचारायला लागला. हे सगळं मला समोरून दिसत होतं, तीन वर्षं. दोन हजार सातच्या मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला. मी थांबवलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं.

त्याच्या शेवटच्या मैफलीनंतर सगळे पांगले, तो झांजा पुसत होता. मी निरोप घ्यायला गेले. तेव्हा त्याने विचारलं, तक्रारीच्या सुरात नाही, खरंच विचारलं. "ती जागा मी घरी कितीदा तरी मोजून पाहिली. दरवेळी बरोबरच येते. तुम्ही हात दाखवला होता का त्या दिवशी?"

माझी नोकरी पक्की होती. करार वाढवून मिळाला होता. त्या मैफलीचं रेकॉर्डिंग होतं, पण त्यात झांज ऐकू येते, हात नाही. मला कशाचीच भीती नव्हती. आम्ही दोघंच होतो. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"नाही, वॉल्टर," मी म्हटलं. "मला तरी आठवत नाही."

त्याने मान हलवली. म्हणजे वय झालंच, असं काहीसं पुटपुटला, झांजा पिशवीत घातल्या आणि माझा हात हातात घेऊन आभार मानले. त्यानंतर तो कुठेच वाजवायला गेला नाही. गावातल्या मुलांना शिकवायचा, तेही बंद केलं. आपणच चुकीचं मोजतो तर मुलांना काय शिकवणार, असं बायकोला म्हणाला म्हणे.

त्याचं मोजणं बरोबर होतं. हात मी दाखवला होता, आणि मला तो पक्का आठवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुढच्या कार्यक्रमाची तालीम होती. मी वेळेवर गेले. झांजांपाशी नवा माणूस बसला होता. मी हात दाखवला आणि त्याने वाजवलं.