कोऱ्या कापडाचं ठिगळ

कोरगावच्या वळणावर इनास रापोझ याचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचाच पुढचा सोपा. त्यात एक पायमशीन, एक इस्त्री आणि भिंतीवर शेजारीशेजारी टांगलेले दोन कपडे. एक इगर्जीतल्या पाद्रींचा पांढरा झगा, दुसरा दशावतारातल्या संकासुराचा काळा. दोघांची मापं इनासाला पाठ आहेत. कपडा वेळेवर नेण्याच्या बाबतीत दोघांत काही फरक नाही, असं त्याचं निरीक्षण आहे.

इनास पेडण्याच्या मराठी शाळेत शिकला. त्यामुळे तो शुभवर्तमान मराठीत वाचतो, बायकोशी कोकणीत भांडतो आणि लदीन, म्हणजे मारियेची स्तुती, लॅटिनमध्ये गातो. यातलं लॅटिन तेवढं आपल्याला कळत नाही, असं तो प्रामाणिकपणे सांगतो. रोझालीनचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं असं की भांडतानाही त्याला फारसं कळत नाही.

रविवारी तो इगर्जीत मुलांना दोतोर्न शिकवतो, म्हणजे धर्माचे धडे. प्रभूचे दाखले सांगायची त्याला फार आवड. पेरणाऱ्याचा दाखला सांगताना तो वायंगणातलं, म्हणजे उन्हाळी भाताचं, शेत उभं करतो, हरवलेल्या मेंढराच्या जागी कोणाची तरी बकरी घालतो, कारण कोरगावात मेंढरू हरवायचं म्हटलं तर आधी आणावं लागेल. एका दाखल्याशी मात्र त्याचं पटत नाही. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ कोणी लावत नाही. लावलं तर ठिगळ आटतं आणि फाट मोठी होते, असं प्रभूनं सांगितलंय. शेतकऱ्यांना एवढे दाखले, मासे मारणाऱ्यांना एवढे, आणि शिंप्याच्या वाट्याला हे एकच वाक्य. तेही, इनासाच्या मते, अर्धं. कोरं कापड आधी पाण्यात बुडवून, सुकवून घ्यायचं, मग खुशाल लावायचं, हे पुढे यायला हवं होतं.

"इनास, ते कापडाबद्दल नाही," पाद्री एकदा हसून म्हणाले होते.

"ठावक असा, फादर. पण कापडाचां नाव काढलां, तर कापडाचां तरी पुरां करूक नको?"

त्याच्या मशीनखाली अजूनही एक गाठोडं असतं, पाण्यातून काढून सुकवलेल्या तुकड्यांचं. ठिगळासाठी तो त्यातलाच तुकडा घेतो.

दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला एक विहीर आणि विहिरीला लागून एक खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. इनासाचा आजोबा पास्कोल तिन्हीसांजेला या विहिरीत पडला होता. वाटेनं कोणी माणसं चालली होती. त्यांनी आपली धोतरं सोडून एकमेकांना बांधली, खाली टाकली आणि पास्कोलला वर ओढला. तो खोकून खोकून पाणी बाहेर काढेपर्यंत माणसं ओली धोतरं गुंडाळून पुढे निघूनही गेली. कुठली, कोण, काही कळलं नाही. पास्कोलला आभार तर मानायचे होते, पण पत्ता नव्हता. म्हणून त्यानं ते देवाच्या पत्त्यावर पाठवले. विहिरीकडे खुरीस उभा केला, आणि दर वर्षी मे महिन्यात तिथे लदीन सुरू केली. मारियेची एकेक नावं गायची, जमलेल्यांनी मागून एकच ओळ म्हणायची, आणि शेवटी उकडलेले चणे आणि पेलाभर फेणी. चणे वाटेवरून जाईल त्याला.

पुढे वाटेवरचे लोक मोटरसायकलीवर आले आणि थांबेनासे झाले. मग चणे नातेवाइकांपुरते राहिले. आणि नातेवाईक कोरगावात राहीनासे झाले.

गेल्या वर्षी म्हापशाच्या आग्नेलनं विषय काढला. आग्नेल इनासाचा चुलतभाऊ. लदिनीला व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे त्याच्या मताला वजन.

"किती वर्सां रे ह्या रस्त्यार उभे रवतलंव? ट्रक जातत, धुळो खातंव. माझ्या फ्लॅटीच्या खाली हॉल असा, पंखे असत. थंयसर करूया."

"आणि खुरीस?"

"खुरसाक एक वात लाव. तो खंय जाता?"

बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: यंदा खुरसाकडे गाणारी माणसं जमली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून म्हापशाचा हॉल. इनासानं मान डोलावली. त्याला वाटलं, आपली माणसं आहेत, येतीलच.

यंदा लदिनीच्या दिवशी सकाळीच रोझालीननं मोठ्या टोपात चणे चढवले. शेजारच्या कमलाक्षीनं नेहमीप्रमाणे खुरसासाठी अबोलीच्या माळा करून आणल्या. तिच्या सासूनं त्या केल्या होत्या, म्हणून ती करते. खुरीस आपला की त्यांचा हा प्रश्न तिच्या घरात कोणी कधी विचारला नाही. इनासानं अंगण झाडलं, भाड्याच्या खुर्च्या मांडल्या, आणि दुपारनंतर फोन वाजू लागला.

पहिला आग्नेल.

"इनास, माका माफ कर. शिवोलेक जागा घेतली मरे. मोजणीवाले आज सांजचे येतत. जावन बघूकच व्हयी."

"घेवच्या आधी बघूक नाय?"

"तां वेगळां," आग्नेल म्हणाला आणि फोन ठेवला. व्हायोलिन गेलं.

दुसरा फेलिक्स, मांद्र्याचा पुतण्या, लदिनीत सोबतीचा दुसरा आवाज म्हणणारा. "तीतीव, पाच स्कूटरी घेतल्यो, टूरिस्टांक भाड्यान देवंक. आजच गावल्यो. चालवन बघूक जातंय. राग मानू नुको हां."

इनासानं राग मानला नाही. त्याला नुसतं कुठेतरी, मशीनची सुई अडावी तसं, काहीतरी अडल्यासारखं झालं. हे आपण आधी ऐकलंय. कुठे, ते आठवेना.

तिसरा साव्हियो, त्याचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला इनासानंच त्याला हातात धरला होता.

"पादिन्ह, माजां लग्न जालां न्हय..."

"जालां. मी जेवलंय ना."

"म्हणान येवंक जमणा नाय."

इनासाला दाखला आठवला. मग खालून वर, पोटातून, हसू आलं. एका धनिकानं मोठी मेजवानी केली आणि बोलावलेल्यांना निरोप धाडला. पहिला म्हणाला, मी शेत घेतलंय, ते बघायला हवं. दुसरा म्हणाला, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या पारखायच्या आहेत. तिसरा म्हणाला, माझं लग्न झालंय. हा दाखला साव्हियोला दोतोर्नीत इनासानंच शिकवला होता आणि तेव्हा काही केल्या त्या मुलाच्या डोक्यात शिरला नव्हता. आज त्यानं तो न चुकता म्हणून दाखवला.

"पादिन्ह? रडताय काय हो?"

"नाय रे बाबा. सुखी रव," म्हणून इनासानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. रोझालीन हसली नाही. तिच्यापुढे टोपभर चणे होते.

"फुडे काय जाता त्या दाखल्यात?" तिनं विचारलं.

"धनी चाकराक सांगता, वाटेर जा, गावतीत तेंका घेवन ये."

"मगे?"

"मगे काय?"

"चाकर खंय असा आमच्याकडे? तूच जा."

दाखला शिकवणं वेगळं आणि चपला घालून निघणं वेगळं, हे इनासाच्या तेव्हा ध्यानात आलं. लोक मिळतील, चणे फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? पण गाणार कोण? फुकट चणे खाणारी माणसं जमली म्हणजे लदीन झाली, असं आग्नेल मानणार नव्हता, आणि खरं तर इनासही मानणार नव्हता. शिवाय मनात ते ठिगळ होतंच. एवढी जुनी, आजोबाच्या हातची गोष्ट, आणि तिला कुठल्याही कोऱ्या माणसांचा तुकडा जोडायचा? आटला, ओढला गेला, तर होतं तेही फाटायचं.

तो विहिरीकडे गेला. तिथे वरच्या बाजूला दिल्लीच्या कोणाचा तरी बंगला उठतोय. त्या कामावरची माणसं सांजेला हातपाय धुवायला विहिरीवर येतात. बरीचशी चंदगडकडची, काही बेळगावची. त्यांचा मुकादम गणपत रहाटावरून कळशी वर ओढत होता. इनास आणि तो वर्षभर एकमेकांना मान हलवून ओळखत होते. बोलणं आज पहिलंच.

"गणपतराव, तिन्हीसांजेक आमची प्रार्थना असा हंयसर. येतलात काय सगळे?"

गणपतनं कळशी काठावर टेकवली. "आमी? तुमच्या देवाला आमी आल्यालं चालतंय व्हय?"

"तो रस्त्यार उभो असा. तेका कोणाक विचारूचां नाय."

"काय करायचं असतंय आमी?"

"मी एक नाव म्हणतलंय. तुमी मागसून म्हणायचां, ओरा प्रो नोबीस. म्हणजे, आमच्यासाठी विनंती कर."

"एवढंच?" गणपतनं मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. "आरं, ह्ये तर आपलं भजनच की! म्होरं एकानं म्हणायचं, मागं समद्यांनी धरायचं." मग तो जरा घुटमळला. "पर काका, माझा चांगला सदरा खांद्याला फाटलाय. खुटीला अडकला. असल्या अवतारात देवाम्होरं उभं ऱ्हायचं म्हंजे..."

मेजवानीचाच आणखी एक दाखला आहे. त्यात लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या एकाला बाहेर काढतात. तोही इनासाला कधीच रुचला नव्हता. तिथे कोणी शिंप्याला हाक मारली असती तर प्रसंग टळला असता, असं त्याचं मत. त्यानं गणपतला सदरा आणायला लावला, मशीनखालचं गाठोडं सोडलं आणि रंगाला जवळचा एक तुकडा काढला.

"नवा तुकडा हाय की ह्यो," गणपत म्हणाला. "धुतल्यावर आकसंल न्हवं?"

"आकसान झालो, तो आधीच," इनास म्हणाला, आणि पायानं मशीन चालवता चालवता जरा थांबला. समोर विहिरीवर गणपतची माणसं पाणी अंगावर घेत होती. सिमेंट उतरत होतं. किती गावांच्या, किती कामांच्या पाण्यातून निघाली असतील ही माणसं. यांतलं कोरं कोण होतं? या खुरसाकडे ती नवीन, इतकंच.

त्यानं दोरा दातानं तोडला.

तिन्हीसांजेला माणसं भांग पाडून आली आणि खुर्च्या सोडून मागे मातीत बसली. पुढच्या खुर्चीत एकटी कमलाक्षी, मंत्र्याच्या सभेला चुकून लवकर आल्यासारखी.

"फुडे येवा रे," इनास म्हणाला.

"इथंच बरं हाय, काका. खुर्चीत बसलं की आवाज निघत न्हाई," गणपत म्हणाला.

मग कमलाक्षीच खुर्ची सोडून खाली जाऊन बसली, आणि खुर्च्यांचं भाडं फुकट गेलं.

इनासानं सुरुवात केली. व्हायोलिन नाही, त्यामुळे सूर जरा वरचा लागला. "सांक्ता मारिया..." मागून पहिल्यांदा विखुरलेलं, चाचपडत काहीतरी आलं. दुसऱ्यांदा शब्द लागले. तिसऱ्यांदा दीपक नावाच्या सेंट्रिंगवाल्यानं घमेलं उपडं घालून त्यावर बोटं टेकवली, आणि मागची ओळ एकदम एका गळ्यातून आल्यासारखी आली. त्यातच दोघं आपणहून वरच्या पट्टीत गेले. फेलिक्सचा दुसरा आवाज, जो दर वर्षी तालमीनंतरही अर्धा स्वर खाली राहायचा, तो आज बेळगावहून सुरात आला होता.

आणि मग लय चढली. भजनात ती चढायचीच. तशी न चढती तर गणपतच्या माणसांना करमलं नसतं. इनासाच्या घरात लदीन कायम अंत्ययात्रेच्या चालीनं चालत आलेली. आता त्याला नावांमागून धावावं लागलं. पहाटेचा तारा, आजाऱ्यांचं आरोग्य, दुःखितांचा आधार: मारियेची नावं एवढ्या वेगानं कोरगावात कधी घेतली गेली नव्हती. इनास घामाघूम झाला. मधे एकदा त्याचा श्वास संपला आणि एक नाव राहूनच गेलं, तर मागच्यांनी त्या रिकाम्या जागीही "ओरा प्रो नोबीस" सोडलं नाही. जे म्हणायचं राहिलं, त्याचीही विनंती पोचली.

एक ट्रक वळणावर येऊन थांबला. ड्रायव्हरनं टोपी काढली आणि तो चणे मिळेपर्यंत गेला नाही.

दाराशी उभी रोझालीन डोळे पुसत होती. विचारलं असतं तर चुलीचा धूर म्हणाली असती, पण घरात गॅस आहे.

लदीन संपली तसा फोन वाजला. आग्नेल. मोजणी झाली होती, आवाजात समाधान होतं.

"काय रे, जाली लदीन? कोण नासतले ना? मी म्हणूक नाय? फुडल्या वर्सा हॉल..."

"जाली," इनास म्हणाला. "गाणारे जमले. फुडल्या वर्सा तूय ये, व्हायोलिन घेवन. पण जरा जोरान वाजवची पडतली हां. आणि खुर्चेर बसू नुको, थंय आवाज येना."

पलीकडून आग्नेलनं विचारलं, "कोण गायले?"

इनासानं तोंड उघडलं आणि त्याला कळलं की हे आपल्यालाही ठाऊक नाही. गणपत आणि दीपक सोडले तर एकाचंही नाव त्यानं विचारलं नव्हतं. पास्कोलनं निदान विचारायचा प्रयत्न केला असेल. त्याचं तोंड पाण्यानं भरलं होतं. आपलं कशानं भरलंय?

"मागीर सांगतंय," म्हणून त्यानं फोन ठेवला, रोझालीनच्या हातातून चण्यांचा टोप घेतला आणि तो रांगेनं निघाला. केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर चणे, वर खोबऱ्याची कातळी, आणि प्रत्येकापाशी थांबून एकच प्रश्न. माणसं आधी चकित झाली. मुकादम सोडून त्यांचं नाव विचारणारा बहुधा पोलीसच असतो. पण चणे गरम होते. सदाशिव. विनायक. बाळाप्पा, बेळगावचा. कृष्णनाथ. इनास प्रत्येक नाव मोठ्यानं पुन्हा म्हणे, लदिनीतल्यासारखं जरा लांबवून, आणि पुढे जाई.

"काका, ह्यो बंगला पावसाळ्याआधी संपतोय," गणपत म्हणाला. "म्होरल्या साली आमचं काम मांद्र्याला हाय. पर तारीख सांगून ठेवा. घमेलं घिऊनच येतो."

इनासानं तारीख सांगितली. मग त्याची नजर गणपतच्या खांद्यावर गेली. घामानं सदरा चिंब भिजला होता. त्यानं बोट लावून शिवण जरा ताणून पाहिली. ठिगळ जागचं हललं नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "आणखी चणे घे. तुजां नाव माका ठावक असा, पण तरीय सांग."