डाव्या हाताचा टाका

वेंकोबाअण्णांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी येलवालला भावाकडे होते. "टीचर, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता दीड महिना होईल... अजूनही हिनकलच्या त्यांच्या दुकानापाशी पाऊल अडखळतं.

अण्णा शिंपी. शाळा चौथीपर्यंत. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका, मोडी वाचणारी, म्हणून आमच्या विठ्ठल मंदिराच्या मंडळींत मला मान. मंदिराच्या जुन्या पेटीत एक सनद सापडली, राजाने देवळाला जागा दिल्याची. मी ती वाचली आणि अस्सल आहे असं छातीठोकपणे सांगितलं. समारंभही ठरला. सनदेची किनखापी थैली उसवली होती, ती तेवढी अण्णांकडे शिवायला दिली.

आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. थैली उलटी करून म्हणाले, "नोडी टीचर, बघा, टाके उलट्या बाजूला कलतात. गाठ दुमडीत लपवलीय. हे माझ्या वडिलांचं काम. ते डावखुरे होते."

"थैली नवी असेल, कागद जुना असेल," मी म्हणाले. माझाच आवाज मला पडका वाटला.

अण्णांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बस धरून कृष्णराजनगरला गेले. वडिलांचे एक दोस्त तिथे होते, नव्वदी गाठलेले, पूर्वी अर्ज लिहून देणारे. त्यांनी काही लपवलं नाही. रस्त्यात देवळाची जागा जाणार अशी आवई उठली, तेव्हा त्यांनी आणि अण्णांच्या वडिलांनी मिळून ती सनद तयार केली होती. जुन्या वहीतलं कोरं पान, अक्षर या दोस्तांचं, थैली वडिलांची. पुढे रस्ता दुसरीकडून गेला आणि कागद पेटीतच राहिला.

मंदिराच्या सभेत अण्णांनी उभं राहून हे सगळं सांगितलं, वडिलांचं नाव घेऊन. अध्यक्ष म्हणाले, "सुम्ने गप्प बसायचं होतं की. कुणाला कळणार होतं?"

"टीचरनी उद्या पोरांना हेच खरं म्हणून सांगितलं असतं," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. मग मी उठून, माझं वाचन चुकलं, असं सांगितलं. एवढं बळ मला त्यांनीच दिलं होतं...

समारंभ रद्द झाला. देवळाला नकोशी झालेली सनद अण्णांनी थैलीसकट दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवली. परवा मी दुकानात गेले तेव्हा मुलगी एका गिऱ्हाईकाला सांगत होती, "ते खोटं आहे. आमच्या आजोबांनी केलेलं." मग तिने थैली बाहेर काढली, हलकेच उलटी केली आणि म्हणाली, "पण टाका बघा."