स्टाफरूमचं पाणी

माझी पोर बाईंच्या हातावर पाणी ओतत होती. शाळेच्या व्हरांड्यात, भर दुपारी. बाईंचा डबा खाऊन झाला होता, त्या चूळ भरत होत्या आणि सुनी तांब्या धरून उभी. तिसरीतली पोर. तिच्या वर्गात पाढे चालले होते, बाहेरपर्यंत ऐकू येत होते.

मी चिकूच्या वाडीवरून अर्धी रजा टाकून आले होते, तिला डहाणूला थेरपीला न्यायला. जरा लवकर पोचले, म्हणून दिसलं.

बाई ओशाळल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं झालं आलीस. तुझी ती थेरपी आम्ही अगदी मनापासून करतोय बघ. कामसू आहे पोर."

सुनीला गोंगाट सोसत नाही. खिचडीच्या ताटांचा खणखणाट झाला की कान दाबून बाकाखाली घुसते. कोणी ओढलं तर चावते. तलासरीच्या त्या शाळेत 'डोंगराकडची पोरं रानटीच' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तिला काढायचंच ठरवलं होतं त्यांनी. मग डहाणूच्या थेरपीवाल्या ताईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, पोर रानटी नाही की वेडी नाही. आवाज, स्पर्श, सगळं तिच्यावर एकदम धावून येतं. वर्ग भरायच्या आधी थोडा वेळ अंगमेहनतीचा खेळ द्या, भिंत ढकलणं, उड्या मारणं, वजन उचलून नेणं. सांध्यांना जोर मिळाला की अंग शांत होतं, मग ती बाकावर टिकेल. ताईंनी शाळेला फोन करून हेच समजावलं होतं.

शाळेने त्यातलं वजन तेवढं ऐकलं. बोअरिंगपासून स्टाफरूमपर्यंत बादल्या. मग माठ भरायचा. मग टेबलं पुसायची. पोर खरंच शांत झाली, म्हणून कामं वाढत गेली आणि वर्ग राहिला बाजूला. बाकावर टिकावी म्हणून सांगितलेला उपाय, आणि बाकच सुटला. घरी ती काही बोलली नाही, कारण तिला शाबासकी मिळत होती.

ती शाबासकी मी ओळखते. आश्रमशाळेत बाईंच्या साड्या मी धुवायचे. मलाही कामसू म्हणायचे. मला वाटायचं, हा माझा मान आहे. चौथी झाली तरी मला धड वाचता येत नव्हतं, भांडी मात्र लख्ख घासता यायची. तोच शब्द आता माझ्या पोरीला लागला आणि माझं डोकं फिरलं.

सुनीच्याच वर्गात बँकेतल्या साहेबांचा मुलगा आहे. तोही त्याच ताईंकडे येतो, त्यालाही वजन उचलायला सांगितलंय. मी विचारलं, तो कुठे आहे?

"तो वर्गात. त्याला सकाळी पुस्तकांचा गठ्ठा देतो, लायब्ररीतून आणायला."

मग बादली त्याला का नाही, मी विचारलं.

बाई हसल्या. "अगं, त्याला कशी देणार? तुमच्या मुलांना सवय असते."

सवय. आमच्या किती पिढ्या या एका शब्दाखाली पाणी वाहत आल्या.

मी सुनीच्या हातातून तांब्या काढून खाली ठेवला. शाळेत आले की अजून भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू? पण तोंड उघडलं.

"बाई, पाणी तुमचं तुम्ही घ्या. माझी पोर शिकायला येते."

आवाज ऐकून मोठे सर बाहेर आले. त्यांनी शांतपणे ऐकवलं, की हे नको असेल तर शाळेतली थेरपी बंद. आणि थेरपी बंद झाल्यावर ती कोणाला चावली, तर दाखला घेऊन जायचा. मी म्हटलं, गठ्ठा तिलाही द्या, शाळा भरायच्या आधी, दोघांना बरोबरीने. सर म्हणाले, बघू. साहेबलोकांचं 'बघू' म्हणजे काय, ते आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी मी डहाणूला गेलेच नाही. सुनीचा हात धरून सरळ वर्गात शिरले. पोरं ओरडली, सुनीने कान दाबले, खाली वाकायला लागली. मी ताईंनी शिकवल्याप्रमाणे तिच्या दोन्ही खांद्यांवर तळवे जोराने दाबून धरले. कोणी काय म्हणेल ते म्हणो, मी हात काढले नाहीत. हळूहळू तिचा श्वास बसला. मग ती स्वतःच बाकावर जाऊन बसली, बँकवाल्यांच्या पोराशेजारी.

वाडीवरचा मुकादम म्हणतो, रोज उशिरा आलीस तर दुसरी बाई लावीन. लावू दे. शाळा भरायच्या आधी मी फाटकात उभी असते, आणि गठ्ठा तिच्या हातात पडेपर्यंत रोज असणार. बादली दिली तर ती मी स्टाफरूममध्येच ओतीन. आणि दाखला पुढे केला तर हात लावणार नाही. माझ्या पोरीचं नाव पटावर आहे. ती वर्गात बसणार.