दोन बोटं उजवीकडे

शिंपीकाकांची छर्‍यांची बंदूक गल्लीतल्याच लोहाराने बनवली होती, आणि पहिल्या दिवसापासून ती डावीकडे मारायची. लोहार म्हणाला, "आणा, नळी सरळ करून देतो." काकांनी साफ नकार दिला. डब्याच्या झाकणापासून दोन बोटं उजवीकडे नेम धरायचा, की झाकण खणकन उडालंच! दर सुट्टीला मागच्या अंगणात हाच खेळ. काकू झाकणं मांडायच्या आणि बंदुकीला नावंही ठेवायच्या. पुढे दुकान वाढलं आणि बंदूक माळ्यावर गेली.

परवा काकांनी दुकान कायमचं बंद केलं, तेव्हा मुलीने हौसेने कारखान्यातली नवीकोरी बंदूक आणली. काकांनी ऐटीत नेम धरला. छर्‍यामागून छर्रा उजवीकडच्या भिंतीवर! झाकण जागचं हललं नाही.

"बाबा, ही सरळ मारते. सरळ नेम धरा ना!"

"हात ऐकत नाही गं," म्हणत काकांनी माळ्यावरची जुनी काढली, बाहीने धूळ पुसली. खण्‌! पहिल्याच फटक्यात झाकण गायब. काकांची कळी खुलली.

"आता तरी हिची नळी सरळ करून घ्या," मुलगी म्हणाली.

झाकण उचलायला वाकलेल्या काकूच बोलल्या, "राहू दे गं. लग्न झाल्यापासून मीही यांच्याशी बोलताना दोन बोटं बाजूलाच नेम धरते. तेव्हा कुठे लागतो."