कार्बनचे चार हात अन् आमचा लाल्या

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी जन्मात काही मानलं नाई. कोणी सांगाले आलं तं त्याच्या तोंडावर हासलो. मी चौथी शिकलेला मानूस, पन डोकं माझं जाग्यावर आहे. तरी हे लिहून राह्यलो, कारण हे माझ्या डोळ्यासमोर झालं.

गाव हिंगणी, बोर धरणाकडचं. घरामागं कोठा, कोठ्यात आमचा म्हातारा बैल लाल्या, गळ्यात पितळी घंटी. माझी नात प्रांजली वर्ध्याले बी.एस्सी. करे. बॉटनी तिनं वावराच्या बांधावरची, धुऱ्यावरची पानं पाहू पाहू काढली, झुऑलॉजी चित्रं काढू काढू. केमिस्ट्री मात्र पोपटावानी घोके, अन् दोनदा नापास झाली. ही शेवटची खेप होती. आता राह्यली तं डिग्री नाई, अन् पोरीले तं मास्तरीण व्हाचं होतं.

मी म्हटलं, "काऊन वं, कापसाच्या पराटीची मशागत सोयाबीनले चालते का? हा विषय घोकू नोको. ज्याले काहीच येत नाई त्याले समजावून सांग."

"म्हणजे तुमालेच नं, आबाजी?" चाबरी कुठली!

मंग रोज दुपारी कोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ती शिकवे. मी खाटेवर. खोटं काऊन बोलू, दुसऱ्या दिवशीच मले डुलकी लागली. ती लाल्यालेच शिकवत राह्यली... अन् घंटी वाजली.

"आबाजी, लाल्या मान हालवून राह्यला!"

"माशी बसली असन."

तिनं दाराकडं पाह्यलं अन् कपाळावर हात मारला. "कार्बनले बाँडचे चारच हात असते, मी पाच काढले!"

तिथून पुढं ती चुकली का घंटी वाजे. मी हट्टी. कडुलिंबाचा धूर केला, एक माशी ठेवली नाई. तरी वाजे. ढोराच्या डॉक्टरले आणलं, तो म्हणे कान साफ आहे. मंग मी पोरीले म्हटलं, मुद्दाम चुकीचं लिही. लिहिलं. लाल्या गप, रवंथ करत... जशी काही त्याले थट्टा समजते!

पेपरच्या दिवशी मी त्याले पाणी पाजत होतो. टाक्यातून त्यानं एकदम तोंड वर काढलं अन् घंटी अशी हालवली का माझ्या हातची बादली पडली. मोबाईल पाह्यला, पाऊण वाजला होता. कोणाले बोललो नाई.

संध्याकाळी पोरगी बसमधून उतरली ते पळतच आली. "आबाजी, पेपरात घंटी ऐकू आली! मागं पाह्यलं तं कोणी नाई. पेपर पाह्यला, तं कार्बनले पुन्हा पाच हात!"

"किती वाजले होते?"

"पेपर दीडले सुटला, तवा पाऊण तास राह्यला होता... म्हणजे पाऊणच वाजला असन."

माझ्या अंगावर काटा आला. पन खरं सांगतो, भेव नाई वाटलं, हासूच आलं.

पास झाली! पह्यला पेढा लाल्याले. शेजारचा गणपत म्हणे, "काका, बैल कोणत्या कॉलेजचा?" म्हटलं, "तुह्या पोराले धाड, ॲडमिशन चालू आहे."

याचं कारण मले आजवर समजलं नाई. तुमाले समजलं तं सांगजा. हे लिहून झाल्यावर मी कोठ्यात बसून लाल्याले सारं वाचून दाखवलं. एकाच जागी घंटी वाजली, अगदी सुरुवातीले.

बरं बाबा. तिसरी शिकलेला. चौथीत नुसतं नाव होतं.